ओगुचीचं चिलट

गिटारचं एक बटण फिरवलं की खरखर यायची, तेवढी घालवायची होती. काम पाच मिनिटांचं. ते पाच मिनिटांत झालंही. ओगुची तेरुओच्या बायकोने, फुसाएने, बटणाच्या पोटात औषधाचा एक फवारा मारला, दहा वेळा इकडून तिकडे फिरवलं, आणि खरखर गेली. मग ती मुलीच्या बाळंतपणासाठी नागोयाला निघून गेली. घरात उरले दोघे, चौसष्ट वर्षांचा तेरुओ आणि ती गिटार. तीन आठवड्यांनी फुसाए परत आली, तोवर तेरुओने त्या गिटारचं पुरतं वाटोळं केलं होतं.

वाटोळं म्हणजे मोडली वगैरे नव्हती. आरशासारखी चकचकीत केली होती.

फुसाए अजून दारातच होती. बूट काढून एक पाय वरच्या पायरीवर, मफलरचा अर्धा वेढा गळ्यात, अर्धा हातात. समोरच्या खोलीत पांढऱ्या चादरीवर गिटार मांडून ठेवलेली, आणि शेजारी तेरुओ, बक्षीस समारंभाला बसल्यासारखा.

"कुणाची हो ही?"

"ओळख."

"नवीन आणलीत की काय?"

"शिओहाराची!"

मफलर हातातच राहिला.

"शिओहारासानची गिटार पिवळी आहे."

"होती."

"हात टेकतो तिथे तिचं लाकूड उघडं पडलंय."

"पडलं होतं." तेरुओ भलताच खुशीत होता. "सात हात मारलेत लॅकरचे. मधे मधे पाण्यातला पॉलिश पेपर. वाकून बघ, तुझं तोंड दिसेल."

फुसाएने वाकून पाहिलं. तोंड दिसलं. ते काही खूश नव्हतं.

"त्यांनी असं करायला सांगितलं होतं?"

"बटण सांगितलं होतं."

"मग?"

"आता बटणाबरोबर एवढंसं…"

"अहो, मिशी कातरायला माणूस जावा आणि न्हाव्याने त्याचं डोकं भादरून पाठवावं, तसली तऱ्हा ही!" फुसाए पायरीवरच बसली. मग एकदम तिने मान वर केली. "आणि चिलट?"

तेरुओ चादरीची सुरकुती सारखी करू लागला.

"चिलट कुठंय, म्हणते मी."

"सगळं खरवडायचं म्हटल्यावर ते कसं राहील?"

"कसं राहील! तुम्ही त्याच्याचसाठी तर बसला होता खरवडायला."

बायको कारखान्यात भेटलेली असली की एक अडचण असते. तिला सगळा इतिहास ठाऊक असतो.

हा इतिहास मात्सुमोतो शहराच्या कडेला असलेल्या एका गिटारच्या कारखान्यातला. तेरुओ अठराव्या वर्षी पर्सिमनच्या फळबागांचं गाव सोडून तिथे आला आणि रंगखात्यात उभा राहिला तो चाळीस वर्षं उभाच होता. रंगखात्यात शिरताना डोक्याला फडकं, अंगात लोकर नाही, जमिनीवर पाण्याचा शिडकावा, आणि दाराशी एक नमस्कार. हे सगळं धुळीच्या एका कणासाठी. तो कण ओल्या लॅकरवर बसला की गिटार बाद. चाळीस वर्षं कणांचा पाठलाग केल्यामुळे तेरुओची नजर अशी झाली होती की मुलीच्या लग्नात व्याही भाषण करत होते तेव्हा हा सभागृहातल्या पियानोपाशी उकिडवा बसून त्याच्या पायावरचा ओरखडा बोटाने तपासत होता. घरात टेबलावर कप ठेवायचा तर खाली फडकं. फुसाए त्याच कारखान्यात गिटारच्या चुंबकांवर तारा गुंडाळायच्या कामाला होती. लग्नाला होकार दिला तेव्हा तिला फडक्याचं ठाऊक नव्हतं.

अशा माणसाच्या हातून नोकरीच्या चौथ्या उन्हाळ्यात ते घडलं. दमट दुपार, पांढरी गिटार, लॅकरचा शेवटचा हात. जाळ्या होत्या, पंखे होते, तरी कुठूनसं एक चिलट आत आलं, बटणांच्या जागेखाली दोन बोटांवर बसलं, आणि तेरुओच्या हातातला फवारा त्याच क्षणी वरून फिरला. चिलट तिथेच कायमचं. पंख पसरलेले, सहाच्या सहा पाय मोजून घ्यावेत असे. तपासनिसाने लाल चिठ्ठी लावली. मुकादमाने आख्ख्या खात्याला ओळीने उभं करून ते चिलट दाखवलं.

बाद गिटार करवतीखाली जायची. ही गेली नाही, कारण लाकूडखात्यातला शिओहारा मधे पडला. तेरुओच्याच वयाचा, तोंडाळ, गाण्याबजावण्याचा नादी. भंगाराच्या भावात त्याने ती मागून घेतली आणि पुढची चाळीस-बेचाळीस वर्षं वाजवली. दर वर्षाअखेरीच्या मेजवानीत दुसरा पेला संपला की शिओहारा उभा राहायचा आणि गिटार दिव्याखाली धरून ओरडायचा, "मंडळी, ह्या कारखान्यातून हजारो गिटारी जगभर गेल्या. पण आमच्या ओगुचीची सही फक्त हिच्यावर आहे! या, बघून घ्या!" मंडळी हसत हसत यायची, चष्मे वर करून चिलट बघायची. तेरुओही हसायचा. सायकलवरून घरी येताना मात्र हसायचा नाही.

ह्या जानेवारीत शिओहारा दारातलं बर्फ काढताना घसरला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. तो इस्पितळात. त्याची बायको किनुए गिटार कापडात गुंडाळून घेऊन आली. "ओगुचीसान, बटण तेवढं बघाल? घरी आले की पहिली हीच मागतील." फुसाए बटण करून नागोयाला गेली. तेरुओ गिटारसमोर बसला. पांढऱ्याची पिवळी झालेली, पोचे पडलेली, लाकूड उघडं पडलेली. आणि बटणांखाली, दोन बोटांवर, सहा पाय.

घरात दुसरं माणूस असतं तर वाचलं असतं सगळं.

"आत्ताच्या आत्ता फोन करा आणि सांगा," फुसाए म्हणाली.

तेरुओने फोन केला. इस्पितळातून शिओहाराचा आवाज आला तो ओळखूच आला नाही. एरवी हा माणूस 'मोशी मोशी' म्हणायच्या आधी विनोद सांगायचा.

"पाय आपला वाटत नाही रे, ओगुची. कुणीतरी उसना दिल्यासारखा वाटतो. रोज त्या दांड्यांना धरून चालवतात. मी म्हणतो, कशाला?"

"असं काय बोलतोस."

"एकच आहे बघ. घरी गेलो की गिटार मांडीवर घ्यायची. हात त्याच्या जागेवर पडला की बाकीच्या अंगालाही आठवेल, कुठे काय असतं ते. वीस मार्चला सोडतायत. बटण झालं?"

"झालं."

"शाब्बास. आणि पुसूबिसू नको हं तिला. किनुएला हातसुद्धा लावू देत नाही मी."

"नाही, नाही," तेरुओ म्हणाला आणि फोन ठेवला.

"सांगितलंत?"

"बटण झालं म्हणून सांगितलं."

फुसाएने बॅगेतून नागोयाची मिठाई काढली आणि स्वतःच खायला बसली. नवऱ्याला विचारलं नाही.

वीस मार्चला चार आठवडे होते. बेचाळीस वर्षांचं म्हातारपण चार आठवड्यांत आणायचं होतं.

तेरुओने आधी त्याला येत होतं ते केलं. कारखान्यातून आणलेला दोषपत्रकांचा एक गठ्ठा माळ्यावर होता. त्यातल्या कागदावर गिटारचा पुढचा आणि मागचा आकार काढला. वर्षाअखेरीच्या मेजवान्यांचे फोटो काढले. प्रत्येक फोटोत शिओहारा चिलटाकडे बोट दाखवतोय आणि तेरुओ दुसरीकडे बघतोय. पण त्यामुळे गिटार मात्र कॅमेऱ्यासमोर छान आली होती. भिंग लावून त्याने एकेक खूण कागदावर उतरवली. पुढच्या बाजूला चौदा दोष, मागच्या बाजूला, आठवणीने, आठ, त्यात पट्ट्याच्या बकलाने खरवडलेला एक मोठा चट्टा. एकूण बावीस. तेविसावं चिलट.

"ह्या कागदावर आजवर जे लिहिलं ते पुसून टाकण्यासाठी लिहिलं," तो म्हणाला.

"मग ह्या वेळी करून टाकण्यासाठी लिहा. चला."

मागच्या पडवीत गिटारचं धड जाड घोंगडीवर ठेवलं. मान, बटणं, तारा सगळं उतरवलेलं. तेरुओने किल्ल्यांचा जुडगा उचलला, हात वर नेला, डोळे मिटले. हात वरच राहिला.

"काय झालं?"

"नमस्कार करायचा राहिला."

त्याने गिटारला नमस्कार केला, पुन्हा हात वर नेला, आणि पुन्हा तो तिथेच राहिला. कपाळाला घाम. बाहेर उणे सहा.

फुसाएने जुडगा काढून घेतला आणि खाड खाड खाड असे तीन ठोके दिले. तेरुओ असा किंचाळला की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

"हळू! अगं, माणूस आहेस का कोण!"

"झाले तीन. उरले एकोणीस. आता तुम्ही."

एकदा कोरं अंग भंगल्यावर तेरुओला जरा धीर आला. दुपारभर तो ठोकत बसला. संध्याकाळी त्याने फुसाएला बोलावलं. कडेवर पाच पोचे पडले होते. पाचही एकाच खोलीचे, एका रेषेत, प्रत्येक दोहोंत नेमकं दीड बोट अंतर.

"हे काय? काजं शिवलीत का?"

"मोजून केलेत."

"दिसतंय. शिओहारासान गिटार पट्टीने मोजून आपटायचे वाटतं?"

तेरुओचं दुःख खरं होतं. त्याचा हात बिघडतच नव्हता. वाकडं करायला जावं तर वाकडेपणाही एकसारखा यायचा. शेवटी त्याने डाव्या हाताने करायला घेतलं, तेव्हा कुठे दोषांना दोषांची कळा आली.

धातूचे भाग नव्यासारखे लखलखत होते. तेही तेरुओनेच घासून लखलखवले होते. ते त्याने एका मोठ्या बरणीत दोऱ्याने टांगले, तळाला व्हिनेगर ओतलं, झाकण लावून दोन दिवस ठेवलं. काढले तेव्हा त्यांच्यावर अस्सल काळपट तांबेरा चढलेला. तेरुओ नाचायचा बाकी होता. मग कळलं की ती बरणी फुसाएची मोहरीच्या पाल्याच्या लोणच्याची होती.

"धुतली आहे मी," तो म्हणाला.

"खाल तेव्हा कळेल," ती म्हणाली.

रंग पिवळा करणं सोपं होतं. चहासारखी झाक असलेल्या लॅकरचे दोन पातळ हात. त्यासाठी भाजीच्या वाफ्यावरचं प्लास्टिकचं घर तेरुओने शेगडीने तापवलं, शेगडी विझवून बाहेर नेली, आणि मगच फवारा हातात घेतला. एवढी शिस्त म्हाताऱ्याच्या हाडात होती. खरी पंचाईत भेगांची होती. जुन्या लॅकरला केसासारख्या बारीक भेगा पडतात, वर्षानुवर्षांच्या उन्हाळ्या-हिवाळ्यांनी. शिओहाराच्या गिटारला त्या जाळ्यासारख्या होत्या. त्या किल्ल्यांनी पडत नाहीत.

"एकदम ऊब, एकदम थंडी," तेरुओ म्हणाला. "कारखान्यात एकदा रात्री बॉयलर बंद पडला होता. सकाळी चाळीस गिटारी तडकल्या. मुकादम रडला होता."

"मग तापवा. आपल्याकडे काय कमी आहे?"

खोलीच्या मधोमध कोतात्सु होता, म्हणजे खाली शेगडी आणि वरून रजई सोडलेलं बुटकं टेबल. हिवाळ्यात सगळ्या घराचे पाय त्याच्याखाली. आता तिथे एका बाजूने फुसाएचे पाय, दुसऱ्या बाजूने तेरुओचे, आणि मधे गिटारचं धड. दोन तास झाले की तेरुओ ते टॉवेलमध्ये गुंडाळून मागच्या अंगणात पळत जायचा. अंगणात पन्हाळीखाली फुसाएचे तोफूचे तुकडे गवताच्या दोरीने बांधून गोठायला टांगलेले असत, दर हिवाळ्यासारखे. त्यांच्याच रांगेत तो गिटारचं धड टांगायचा.

गल्लीतलं सूचनापत्र पुढच्या घरी द्यायला आलेली शेजारीण फाटकाशी थबकली. बारा तोफू, एक गिटार.

"ह्या वर्षी हेही सुकवताय का, ओगुचीसान?"

"मिसोच्या रशात उकळली की छान लागते," फुसाए म्हणाली. "मऊ पडते. देईन तुम्हाला."

शेजारणीने सूचनापत्र दिलं आणि पुढच्या घरी बातमी द्यायला गेली.

चौथ्या सकाळी तोफूखाली उभ्या असलेल्या तेरुओला आवाज आला. *टिक्.* मग जरा थांबून *टिक् टिक्.* कोवळ्या उन्हात, पिवळ्या रंगावर, कडेपासून आत एक भेग पळत गेली. जशी शाईची बारीक रेघ. तिच्यामागून दुसरी. चाळीस वर्षं ज्या आवाजाची धास्ती घेतली, त्या आवाजाला तेरुओ हसला. मग त्याने इकडे तिकडे पाहिलं, मुकादम नाही ना, म्हणून. मुकादम वारून अकरा वर्षं झाली होती.

राहिला हाताखालचा मोठा चट्टा. शिओहाराचा उजवा हात जिथे टेकायचा, तिथे रंग पार जाऊन लाकूड उघडं पडलेलं होतं. तेरुओने पॉलिश पेपर घेतला आणि रंग खरवडून काढला. फुसाएने पाहिलं आणि मान हलवली.

"हे खरवडलेलं दिसतं."

"खरवडलेलंच आहे."

"तेच म्हणते मी." तिने स्वयंपाकघरातून भाताचा लाकडी चमचा आणून त्याच्या हातात दिला. "हा बघा. ह्याची ही कड कुणी घासली? कुणीच नाही. मी तीस वर्षं भात वाढला. कुठे संपली कड आणि कुठे सुरू झाला चमचा, दाखवा बोटाने."

तेरुओने बोट फिरवलं. सापडेना.

"तुम्ही तिच्यावर राग काढल्यासारखं करताय. शिओहारासानने काय राग काढला होता? मांडीवर घेतली होती. पुन्हा रंग द्या तेवढ्या जागी, आणि मला द्या ती."

तेवढ्या जागी पुन्हा रंग चढला. वाळल्यावर फुसाएने नवऱ्याचा कारखान्यातला जुना सुती सदरा अंगात घातला, उजव्या बाहीला पॉलिशची पूड चोळली, आणि सकाळी आठची मालिका लावून गिटारचं धड मांडीवर घेऊन बसली. मालिकेतल्या सासूने सुनेला टोमणा मारला की तिचा हात जोरात फिरायचा. सून रडली की हळू. दुपारी बातम्या, संध्याकाळी सुमोच्या कुस्त्या. तेरुओ लोणचं बिनतक्रार खाऊन भांडी घासायचा. दहाव्या दिवशी तिच्या बाहीखाली सायीखालून दूध दिसावं तसं लाकूड दिसायला लागलं. कड कुठे संपली ते तेरुओलाही सांगता आलं नाही. चाळीस वर्षांत ज्याने कुणाच्या कामाला 'ठीक' ह्यापलीकडे शब्द वापरला नव्हता, तो चष्मा काढून म्हणाला, "हे मला जमलं नसतं."

"माहितेय," फुसाए म्हणाली. "मालिका बघायची सवय हवी."

मार्चच्या सतरा तारखेला दोषपत्रकावरच्या बावीस दोषांपुढे बरोबरच्या खुणा होत्या. तेविसाव्यापुढे रिकामी चौकट.

चिलटं मार्चमध्ये नसतात. तेरुओने खिडक्यांच्या फटी, दिव्यांच्या टोप्या, कपाटांच्या मागच्या बाजू धुंडाळल्या. माळ्यावरच्या दिव्यात मागच्या पावसाळ्यातलं एक सापडलं. चिमट्यात धरलं आणि त्याची पूड झाली. मग त्याने एका केसाचा कुंचला करून शाईने चिलट काढलं. तासभर खपून.

फुसाएने भिंग लावून पाहिलं. "इतकं शिस्तीत बसलंय, ह्याला पगार सुरू करावा लागेल."

तेरुओने ते पुसून टाकलं.

"आता तेवढं तोंडाने सांगा," ती म्हणाली. "मी मिठाई आणते. मोठा डबा आणते. लहान नेला तर चूक लहान समजताय असं वाटेल."

वीस मार्चला दुपारी दोघं गेली. शिओहारा खुर्चीत बसला होता, जमिनीवर बसायची बंदी होती. शेजारी दोन काठ्या. मिशी पांढरी झालेली, गाल आत गेलेले. किनुएने चहा ओतला. तेरुओने मिठाईचा डबा ठेवला तर शिओहाराच्या भुवया वर गेल्या.

"एवढा मोठा? मी मेलो असं वाटलं की काय तुला?"

"आधी गिटार बघ," तेरुओ म्हणाला. गाडीत फुसाएने त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं होतं की आधी सांगायचं, मग गिटार द्यायची.

कापड सुटलं. शिओहाराने गिटार मांडीवर घेतली. उजवा हात वरून आला आणि टेकला. डोळे मिटले. मग त्याची बोटं तारांवर फिरली, आधी चाचपडत, मग जुनं कारखान्याच्या सहलीचं गाणं, आणि दुखरा पाय, जो उसना वाटत होता, तो आपोआप ताल धरायला लागला. किनुए चहाची किटली घेऊन तशीच उभी राहिली.

तेरुओला वाटलं, सुटलो. त्याने फुसाएकडे पाहिलं. फुसाए त्याच्याकडे अशी बघत होती की त्याने लगेच नजर वळवली.

"बटण झकास झालं," शिओहारा म्हणाला. गाणं संपलं तसा त्याचा अंगठा सवयीने खाली गेला. बटणांखाली, दोन बोटांवर. घासला. पुन्हा घासला. थांबला.

"कुठंय?"

"काय?"

"ओगुची, कुठंय ते?"

तेरुओने चटईवर दोन्ही हात टेकले आणि कपाळ त्यांच्यावर ठेवलं. तसंच खाली तोंड घालून त्याने सगळं सांगितलं. खरवडणं, सात हात, किल्ल्या, व्हिनेगर, तोफू. चटईला सांगितल्यासारखं सांगितलं. शेवटी म्हणाला, "बेचाळीस वर्षं ते डोळ्यांत खुपत होतं. घरात कुणी नव्हतं. हात गेला."

शिओहारा गिटार उलटीपालटी करत होता.

"हा पोचा? ट्रकमधून पडली होती तेव्हाचा?"

"मागच्या महिन्यातल्या मंगळवारचा. किल्ल्यांच्या जुडग्याने."

"ह्या भेगा?"

"कोतात्सुत तापवून."

"आणि हे हाताखालचं? हेही तू?"

"ते हिने. मालिका बघत."

शिओहाराने फुसाएकडे पाहिलं. "तरीच. फुसाएसान, तुमचा हात माझ्यापेक्षा अर्धा बोट मागे पडतो."

"आखूड आहेत माझे हात," फुसाए लाजून म्हणाली.

आणि मग शिओहाराच्या पोटातून काहीतरी वर आलं. आधी खोकल्यासारखं वाटलं. तो हसत होता. हसता हसता त्याने खुबा धरला.

"जपून! जपून!" किनुए ओरडली. "हसू नका, डॉक्टर काय म्हणाले!"

"अगं, तोफूबरोबर टांगली होती ह्याने! माझी गिटार!" त्याने डोळे पुसले. मग हसू ओसरलं, आणि अंगठा पुन्हा त्या रिकाम्या जागेवर गेला. तिथेच राहिला. आवाज खाली आला. "बाकीचं मी पुन्हा घासून माझं करीन रे. दुसरा उद्योग काय आहे मला. पण हे नाही चालायचं. हे तू देणं लागतोस."

"चिलट?"

"चिलट. आणि कुठूनतरी धरून चिकटवलेलं नको. लॅकर ओला असताना स्वतःहून येऊन बसलेलं हवं. आधीचं होतं तसं."

"मार्चमध्ये कुठून आणू?"

"मी थांबतो की," काठ्यांकडे हनुवटी करून शिओहारा म्हणाला. "कुठे पळून चाललोय? आणि मान वर कर आता. त्या चटईवर तुझ्या कपाळाचा डाग पडेल, मग तो काढायला बसशील."

मे महिन्यात शिओहाराची एक काठी सुटली. जूनमध्ये पहिली चिलटं आली, तेव्हा किनुएने गिटार पुन्हा कापडात गुंडाळून आणून दिली.

तेरुओने प्लास्टिकच्या घराची दोन्ही दारं उघडी टाकली. बाहेर वाफ्यावर चिलटांचे थवे. गिटार आडवी ठेवली. सगळी झाकून फक्त बटणांखाली नाण्याएवढी जागा उघडी, आणि तिच्यावर लॅकरचा एक ओला हात. शेजारी खरबुजाची फोड, आमिष म्हणून. डोक्याला फडकं नाही, अंगात मुद्दाम लोकरीचा स्वेटर. घामाने निथळत, स्टुलावर, गुडघ्यांवर हात ठेवून तो बसला. चिलटं खरबुजावर बसली. तेरुओच्या कानात शिरली. चहात तीन बुडाली. लॅकरचा वास आला की मात्र वळून जायची. लॅकर वाळला. तेरुओने तेवढी जागा पॉलिश पेपरने हलकी घासली आणि पुन्हा हात मारला.

खिशातला फोन वाजला.

"आलं का?" शिओहारा. आवाज खणखणीत, मागून काठीची टकटक.

"एक आलं होतं. वर घिरट्या घातल्या, वाकून बघितलं, आणि गेलं."

"तपासनीस असेल."

"गप्प बस. तुझ्या बोलण्याने उडतात."

"आज सव्विसावा दिवस आहे, ओगुची. मी मोजतोय."

तेरुओने फोन बंद केला. एक चिलट त्याच्या चष्म्याच्या काचेवर येऊन बसलं होतं. अगदी डोळ्यासमोर, पंख पसरून. सहा पाय. त्याने ते उडवलं नाही. श्वास रोखून, मान न हलवता, तो कमरेतून हळूहळू गिटारवर वाकू लागला. नाकापासून लॅकरपर्यंत वीतभर अंतर राहिलं तेव्हा मागून फुसाएचा आवाज आला.

"अहो, जेवायला येताय ना?"

चिलट उडालं. तेरुओने घड्याळात पाहिलं, लॅकरला बोटाचं टोक लावून पाहिलं. वाळला होता. त्याने फवाऱ्याचं डबडं हलवलं, आत किती शिल्लक आहे ते कानाने ऐकलं, आणि खरबुजाची दुसरी फोड कापायला घेतली.